पाटी 'अभिनंदन'ची, पान श्रद्धांजलीचं

इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांवर, सणांवर, आजीच्या हातच्या मसाल्यांवर लिहितात आणि मी ते जेवण लांबवून वाचत बसते. आज मी लिहिणार आहे वेबसाइटच्या मेनूवर. हे काय मध्येच, असं वाटेल. पण गोष्ट घरातलीच आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्या काकांनी सगळं वाचलं आहे, परवानगी दिली आहे आणि दोन ठिकाणी लाल पेनानं दुरुस्तीही केली आहे.

आम्ही बडोद्याचे. कागदावर वडोदरा झालं, तरी घरात बडोदंच. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीला म्हणून आले आणि दांडिया बाजारात राहिले ते राहिलेच. आमचं मराठी तुम्हाला माहीत आहेच. "फावेल का?" आणि "चाल ने" हे शब्द आम्हाला मराठीच वाटतात, पुण्याची चुलत भावंडं हसली की मग कळतं. काका-काकू आमच्या शेजारचे, सख्ख्या नात्यातले नाहीत. पण माझं अर्धं लहानपण त्यांच्या ओट्यावर गेलं.

काका रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ मध्ये नाव बदललं तेव्हा ते म्हणाले, "मी रिटायर झालो आणि मग यांनी बढती दिली." मालगाडीवर खूप वर्षं काढली. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा माणूस आणि बाहेर मिट्ट काळोख. विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला ही स्टेशनं त्यांनी आम्हा मुलांना पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती. ते सांगायचे, रात्री गाडी थांबली की आधी पाटी बघायची. अंदाज कितीही पक्का असो, पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं वाचल्याशिवाय आपण कुठे आहोत हे बोलायचं नाही. तीन लिप्यांत नाव असतं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. ती उंचीसुद्धा त्यांना पाठ.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

आमच्या इथल्या एका मंडळाची (नाव घेत नाही) वेबसाइट मी २०२१ मध्ये करून दिली. सूचनाफलक जिन्याखाली होता आणि कोविडात तिथे कोणी जाईना. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते म्हटल्यावर चिटणीस म्हणाले, "तू करून दे ने, तुला तर फावेल." केली. फुकट केली, म्हणजे रविवार दुपारी, अर्धं लक्ष टीव्हीकडे ठेवून.

साधीच साइट. वर आडवा मेनू: मुख्यपान, कार्यक्रम, वाचनालय, अभिनंदन, संपर्क. जे पान उघडं आहे त्याचं नाव मेनूत केशरी दिसायचं, बाकीची पांढरी. तुम्ही बँकेच्या साइटवर, रेल्वेच्या साइटवर हे रोज बघता, पण लक्षात येत नाही. त्या एका रंगलेल्या शब्दाचं काम इतकंच, की तुम्ही आत्ता इथे आहात हे सांगायचं.

आता हे केशरी करतं कोण, ते थोडं सांगते. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडा, पण चूक तिथेच आहे.

प्रत्येक पानाचा वरचा भाग, मेनू, खालची पट्टी सारखीच असते. ती दर पानात परत लिहीत नाहीत. एक मूळ साचा असतो, लेटरहेडसारखा, आणि बाकीची पानं त्यावर आपापला मजकूर छापतात. मी फ्लास्क वापरलं आणि त्याच्यासोबत येणारं जिंजा. (जिंजा म्हणजे जपानी देऊळ. इंग्रजीत देऊळ आणि साचा या दोन्ही शब्दांचे उच्चार जवळचे, म्हणून हे नाव ठेवलं. काकूंना ही गोष्ट फार आवडली.) आता मेनू आहे लेटरहेडवर आणि आपण कोणत्या पानावर आहोत ते माहीत आहे आतल्या मजकुराला. मग आतल्यानं वरच्याला कळवायचं कसं? जिंजाच्या माहितीपुस्तिकेतच एक सोपी युक्ती दिली आहे. प्रत्येक पानाच्या अगदी पहिल्या ओळीत एक चिठ्ठी लिहायची: 'मी अभिनंदन'. साचा ती चिठ्ठी आधी वाचतो, मग मेनू काढताना प्रत्येक नावाशी ताडून बघतो आणि जुळेल त्याला 'ॲक्टिव्ह' असा शिक्का मारतो. शिक्का दिसला की ब्राउझर तिथे केशरी रंग देतो. चिठ्ठीच नसेल तर 'मुख्यपान' समजायचं.

युक्ती चांगली आहे. मी वर्षानुवर्षं वापरली, पगाराच्या कामातही. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे चिठ्ठी लिहिणारा माणूस खरं लिहील.

२०२२च्या नोव्हेंबरात चिटणीसांनी सांगितलं, श्रद्धांजलीचं एक पान हवं. कोविडात इतकी माणसं गेली, नोंद कुठेच नाही. मी म्हटलं अर्ध्या तासाचं काम. अभिनंदनाचं पान होतंच: नाव, वय, फोटो, दोन ओळी, 'नोंद करा' हे बटण. त्याची नक्कल मारली. फाइलचं नाव बदललं, पत्ता बदलला, नोंद जिथे जाते ती जागा बदलली. मेनूत 'अभिनंदन'च्या शेजारी 'श्रद्धांजली' आलं. पहिल्या ओळीतली चिठ्ठी तशीच राहिली: 'मी अभिनंदन'.

म्हणजे तुम्ही श्रद्धांजलीवर क्लिक केलं की श्रद्धांजलीचं पान उघडायचं, पण मेनूत केशरी व्हायचं 'अभिनंदन'.

पानावर मोठा मथळा का नव्हता, हे कोणीही विचारेल. नव्हता. मेनूत रंग लागतोच, परत तेच शब्द खाली कशाला, असं मला वाटलं होतं. वर गणपतीचं चित्र आणि त्याखाली 'कृपया खालील माहिती भरा.' आता आठवलं की कान गरम होतात.

तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. नोंदी चिटणीसच करत होते, लोक त्यांना फोनवर कळवायचे. आपण कुठे क्लिक केलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, मेनूकडे परत बघायची गरजच नव्हती. ज्याला वाट माहीत असते तो पाटी वाचत नाही, आणि माझी साइट तोवर वाट माहीत असलेल्यांनीच वापरली होती.

डिसेंबरात काकूंना ७५ वर्षं पूर्ण झाली. काकांनी ठरवलं, अभिनंदनाच्या पानावर फोटो टाकायचा, आणि तोही स्वतः, मुलाला न विचारता. मुलगा पुण्यात असतो, जुना लॅपटॉप इथेच ठेवून गेलाय. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं, हात थोडा थरथरतो. बाण शेजारच्या शब्दावर सरकला आणि श्रद्धांजली उघडलं.

त्यांनी मेनूकडे बघितलं. हे मला नंतर कळलं. त्यांना शंका आली होती की आपण बरोबर ठिकाणी आहोत का. चष्मा पुसून त्यांनी वर बघितलं. केशरी अक्षरांत 'अभिनंदन'. मग निश्चिंत होऊन त्यांनी एक एक अक्षर शोधत टाइप केलं. त्यांनी लिहिलेलं त्यांच्या परवानगीनं देते: "७५ वर्षांचा प्रवास पूर्ण. कधी कोणाशी वाकडं बोलली नाही. सर्वांनी संध्याकाळी ५ नंतर घरी यावे."

मंडळी, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं आपोआप छापून येतं आणि खाली हे. एक शब्दही इकडचा तिकडे करावा लागला नाही.

कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. दुपारभर 'ॐ शांती'चा पूर. गुजराती शेजाऱ्यांकडे बातमी गेली तेव्हा संध्याकाळी पाच म्हणजे बेसणं, हे त्यांनी धरूनच चाललं. आमच्याकडे बेसण्याची वेळ तीच असते. ज्यांनी फोन करून खात्री करायची त्यांनी केला नाही, कारण अशा घरी लगेच फोन कसा करायचा. काका-काकूंचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता आणि ते दोघं स्वयंपाकघरात लीलो चिवडा बरण्यांत भरत होते.

पाच वाजता दारात पांढऱ्या कपड्यांतली आठदहा माणसं. दार उघडलं काकूंनी. नवी पैठणी, अंबाड्यावर गजरा.

काकू अजून हा प्रसंग रंगवून सांगतात. पहिल्या बाई किंचाळल्या, दुसऱ्या रडायलाच लागल्या, एका आजोबांनी हातातला हार चपळाईनं मागे लपवला आणि मग काकूंनीच तो मागून घेऊन गळ्यात घातला. "मेल्यावर कोण काय बोलतं ते जिवंतपणी वाचायला मिळालं," असं त्या म्हणतात. सगळ्यांना श्रीखंड मिळालं. मी सहाला गेले तेव्हा घरात हशा चालला होता.

काका हसत नव्हते. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. कोणीतरी म्हणालं, "काका, वय झालं हो आता." ते म्हणाले, "हो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, मी दोनदा बघितलं होतं. मला वाटलं मी बघितलं."

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत सापडलं. पहिली ओळ. बदलली, साइट परत चढवली, काकूंची नोंद काढून योग्य पानावर टाकली. आणि चिटणीसांना मेसेज केला: "चुकून दुसऱ्या फॉर्ममध्ये भरलं गेलं होतं, दुरुस्त केलंय."

भरलं गेलं होतं. कोणाकडून, ते वाक्यात नाही. मराठीत ही सोय फार छान आहे.

मी काकांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही कारण पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी नाही कारण ऑफिस होतं. मग संक्रांत आली. तिळगूळ द्यायला गेले तेव्हा म्हटलं, "होतं असं काका, माझ्या हातूनसुद्धा होतं." हे तर खोटं बोलण्यापेक्षा वाईट, कारण अक्षरशः खरं होतं.

फेब्रुवारीत काकूंनी मला गच्चीवर गाठलं. म्हणाल्या, हे आता दाराला कुलूप लावून तीनदा परत येऊन बघतात. बँकेचं सगळं मुलाकडे देऊन टाकलं. गॅस बंद केला का हे मला विचारतात आणि मी हो म्हटलं तरी उठून बघतात. एकटे डॉक्टरकडे जाऊन आले, विसरायच्या आजाराची तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तर म्हणतात, ते मला बरं वाटावं म्हणून सांगतात. काकू म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं एकच. मी डोळ्यांनी अभिनंदन वाचलं आणि तिथे श्रद्धांजली होतं. म्हणजे आता माझं डोकं जे नाही ते दाखवायला लागलंय."

चाळीस वर्षं पाटी वाचून खात्री करणारा माणूस. त्यानं खात्री केली होती आणि पाटीवर मी भलतंच नाव लावून ठेवलं होतं. आणि ते मला माहीत असून अडीच महिने झाले होते.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेले. आमच्या कामात जुनी प्रत कधीच पुसली जात नाही, हवी ती तारीख परत उघडता येते. मी डिसेंबरची साइट माझ्या मशीनवर चालू केली आणि काकांसमोर ठेवली. म्हटलं, "काका, श्रद्धांजलीवर दाबा." त्यांनी हात मागे घेतला. काकू म्हणाल्या, "दाबा हो." त्यांनी दाबलं. केशरी झालं अभिनंदन.

त्यांनी परत दाबलं. मग कार्यक्रमावर दाबलं, कार्यक्रम केशरी झालं. वाचनालय, बरोबर. परत श्रद्धांजली. अभिनंदन. असं पाचसहा वेळा. मग चष्मा काढून ठेवला.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री."

ते काही बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले. काकूंनी चहा टाकला, मी प्यायले, ते बाहेर आले नाहीत. निघताना काकू एवढंच म्हणाल्या की उद्या ये.

दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधी त्यांचाच फोन आला. आवाज नोकरीतला. "रेल्वेत अशी चूक झाली की लेखी द्यावं लागतं. काय झालं, का झालं, कोणी केलं, परत होऊ नये म्हणून काय केलं. तू मला लेखी दे. मराठीत. ते इंग्रजी शब्द मला फावणार नाहीत." मग थोडं थांबून, "आणि भरलं गेलं होतं असं लिहू नकोस."

चिटणीसांनी तो मेसेज त्यांना दाखवला होता, इतके दिवस.

तर मंडळी, वर तुम्ही वाचलं ते बरंचसं त्या कागदावरून आहे. शेवटचा प्रश्न, परत होऊ नये म्हणून काय केलं, त्याचं उत्तर लिहायला मला दोन रविवार लागले, कारण नुसती चिठ्ठी बदलणं पुरेसं नाही हे मला तेव्हा कळलं. उद्या मी परत नक्कल मारीन आणि परत विसरेन.

पहिला उपाय सुचला तो असा, की चिठ्ठीवर भरवसाच ठेवायचा नाही. पान कोणतं मागितलं हे सर्व्हरला माहीत असतंच, ब्राउझरच्या पत्त्यावरून कळतं. मेनूतल्या प्रत्येक दुव्याचा पत्ता त्याच्याशी ताडायचा. पण यातही खाचा आहेत. अगदी तंतोतंत जुळवलं, तर 'कार्यक्रम'च्या आत एखाद्या वर्षाच्या गणेशोत्सवाचं पान उघडलं की पत्ता लांब होतो, काहीच जुळत नाही आणि मेनूत एकही नाव पेटत नाही. मग म्हणावं, पत्त्याची सुरुवात जुळली तरी चालेल. तर मुख्यपानाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि सगळेच पत्ते त्या रेघेनं सुरू होतात. त्यामुळे कुठेही जा, 'मुख्यपान' पेटलेलंच. हा प्रकार तुम्ही कितीतरी सरकारी आणि खाजगी साइटवर बघितला असेल, आता बघाल.

शेवटी असं केलं. मेनूची यादी एकाच जागी लिहिली: दाखवायचं नाव आणि सर्व्हरमधलं ते पान तयार करणारं काम, दोघांची जोडी. फ्लास्क प्रत्येक मागणीच्या वेळी सांगतं की आत्ता कोणतं काम चालू आहे. त्यावरून जोडी शोधायची. आतल्या पानांना त्यांचं वरचं पान कोणतं तेही यादीतच. आणि त्या एकाच जागेवरून मेनूतला रंग, पानावरचा मोठा मथळा, ब्राउझरच्या टॅबवरचं नाव आणि बटणावरचे शब्द. आता बटणावर 'नोंद करा' नसतं, 'श्रद्धांजली नोंदवा' असतं. चुकलंच तर सगळं एकत्र चुकेल, मेनू एक आणि पान दुसरं असं होणार नाही.

चिठ्ठी नसेल तर 'मुख्यपान' समजा, हेही काढलं. ही सवय आमच्या धंद्यात फार आहे, काही माहीत नसलं की काहीतरी बरं दिसेल असं उत्तर द्यायचं. काकांना हे समजावताना ते म्हणाले, स्टेशनावर पाटी पडलेली असेल तर गार्ड उतरून चौकशी करतो. पाटीवर दुसऱ्या स्टेशनाचं नाव असेल तर चौकशी करत नाही. हे वाक्य मी जसंच्या तसं कागदात घातलं.

रंगाचंही बदललं. केशरी आणि पांढरा, मागे तांबडी पट्टी: मंडळाच्या झेंड्याचे रंग म्हणून मला गोड वाटलं होतं. काकांना ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं त्यातला फरक जेमतेम दिसायचा. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत १९९९ च्या आवृत्तीपासूनच लिहिलं आहे की कोणतीही माहिती केवळ रंगातून देऊ नका. मी ते वाचलेलं होतं, परीक्षेसारखं. आता उघड्या पानाचं नाव जाड अक्षरात, खाली जाड रेघ. शिवाय डोळ्यांना न दिसणारी एक खूण घातली, 'एरिया करंट' म्हणतात तिला. माझ्या आतेभावाला दिसत नाही, तो फोनकडून वाचून घेतो. तो म्हणाला, "आतापर्यंत तुझ्या मेनूत सगळी नावं मला सारखीच ऐकू यायची. मी कुठे आहे ते मी मोजून लक्षात ठेवायचो." साइट सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यानं कधी तक्रार केली नव्हती, कारण त्याला वाटायचं सगळीकडे असंच असतं.

कागद दोन पानी झाला. काकांनी 'दुर्लक्षामुळे' हा शब्द 'माझ्या दुर्लक्षामुळे' असा केला आणि 'लवकरात लवकर कळवायला हवे होते' याच्या खाली रेघ मारली. मग मंडळाच्या बैठकीत उभं राहून सगळा वाचला, सावकाश, प्रत्येक शब्द. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. काही जण हसले, हाराचा भाग आला तेव्हा. चिटणीस म्हणाले, "जाऊ दे ने काका, छोटी गोष्ट आहे." काका म्हणाले, "तुमच्यासाठी."

कुलूप परत येऊन बघणं पुरतं थांबलं नाही. काकू म्हणतात, तीनदाचं एकदा झालं. बँकेचं काम त्यांनी मुलाकडून परत घेतलं, हे मुलाला आवडलं नाही आणि त्यावरून फोनवर थोडी वादावादी झाली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. माझ्याशी दोन महिने ते जेवढ्यास तेवढं बोलले. मग एका संध्याकाळी ओट्यावरून हाक मारली आणि विचारलं, नवीन पान टाकतेस तेव्हा तपासतं कोण?

मी म्हटलं, मीच.

"जो गाडी चालवतो तोच झेंडा दाखवत नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून तपासणी त्यांच्याकडे. एक जुनी वही आहे, उभ्या रेघा मारलेली. डावीकडे मेनूतली नावं, पुढे तीन खाने: काय दाबलं, काय पेटलं, मथळा काय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लॅपटॉपवर एकदा आणि फोनवर एकदा. फोनवर मेनू तीन रेघांच्या आत लपतो, तो उघडल्याशिवाय कोणतं नाव पेटलंय ते दिसतच नाही, ही तक्रारही त्यांचीच. मथळा त्यासाठी आणखी मोठा केला. मागे मी बूटस्ट्रॅपची नवी आवृत्ती घेतली तेव्हा शिक्का पूर्वी ज्या जागी मारायचा ती जागा बदलली होती, आणि मेनूतलं पेटणंच बंद झालं. मला पत्ता नव्हता. वहीत सहाही नावांपुढे 'नाही' असं लिहून त्यांनी फोटो पाठवला, खाली सही, तारीख आणि वेळ. वेळ चोवीस तासांची, रेल्वेसारखी.

गेल्या रविवारी फोन आला. "वाचनालयात देणगीदारांची यादी म्हणून पान दिसतंय. त्याच्यावर काहीच पेटत नाही."

"ते अजून यादीत घातलं नाहीये काका. उद्या घालते."

"मथळा आहे."

"हो, मथळा हातानं घातलाय."

"हातानं." थोडा वेळ काही बोलले नाहीत. लिहीत असावेत. "बरं. मग उद्या रात्री परत बघतो. काकू विचारतेय, जेवायला येतेस का, वालाचं शाक केलंय."